जिलबी आणि विळा

सोनगीरच्या आसपास बॅण्डवाले पैशाला पासरी होते, पण कागद समोर धरून वाजवणारा बॅण्ड एकच, झुलाल मास्तरांचा. बाकीचे मोबाईलवर गाणं चार वेळा ऐकत, पाचव्या वेळी बाजा तोंडाला लावत आणि सहाव्या वेळी वरातीत उभे राहत. मास्तरांना त्याचा राग येई. "आयकीसन तं पोपटबी बोलस," असं ते म्हणत आणि वर नाकातून एक 'हूं' काढत. त्या 'हूं'मुळं निम्मं गाव त्यांच्यापासून चार हात लांब राही. पण लग्न ठरलं की तेच निम्मं गाव सुपारी घेऊन आधी त्यांच्या ओट्यावर येई.

माणूस तसा शेतकरीच. किल्ल्याच्या अंगाला चार एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि बाजरी. पण पस्तीस वर्षांत त्यांना कुणी शेतकरी म्हटलं नाही, आणि म्हटलेलं त्यांना आवडलंही नसतं. तरुणपणी दोंडाईच्याला जाऊन ते भिकन मास्तर नावाच्या म्हाताऱ्याकडं शिकले. हा म्हातारा कुठल्याशा गिरणीच्या बॅण्डातून घरी बसलेला, दातांनी बेजार, पण कागद लिहिण्यात पक्का. त्यानं झुलालला पाच रेघा शिकवल्या. रेघांच्या सुरुवातीला वेटोळ्याची एक खूण असते, ती सांगते की कुठल्या रेघेवरचा ठिपका म्हणजे कुठला सूर. पुस्तकात तिला ट्रेबल क्लेफ म्हणतात. दोंडाईच्यात तिची जिलबी झाली आणि झुलालबरोबर ती जिलबी सोनगीरला आली. जिलबीच्या शेजारी कधी कोमलच्या खुणा असतात, त्या सांगतात की कुठल्या जागेवरचे सूर कोमल घ्यायचे.

आता इथं थोडं थांबून सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं रामायण यावरूनच घडलं. पितळी बाजे सगळे एका मापाचे नसतात. कॉर्नेटवर एकही चावी न दाबता फुंकलं की एक सूर निघतो, हॉर्नवर तसंच फुंकलं की दुसराच. दोघांना एकच कागद दिला तर वरातीत कुत्री रडायला लागतील. मग कागद लिहिणारा आधीच हलवाहलव करून ठेवतो. कॉर्नेटच्या कागदावर जिथं सा, तिथं हॉर्नच्या कागदावर प लिहायचा, म्हणजे दोघांच्या तोंडून एकच सूर पडतो. आणि युफोनियम, ज्याला सोनगीरात नुसतं 'मोठा बाजा' म्हणतात, त्याला तर कॉर्नेटचाच कागद चालतो. आवाज आपोआप खालचा येतो. सगळी डोकेफोड लिहिणाऱ्याची. वाजवणाऱ्यानं जिलबी पाहायची, ठिपका पाहायचा आणि चावी दाबायची.

यात सोय अशी की कुणीही कुठलाही बाजा उचलावा. आदल्या लग्नातली वरणबट्टी बाधून कॉर्नेटवाला समाधान आडवा झाला, तर हॉर्नवाला त्याच्या जागी उभा राहायचा. बोटं तीच, जिलबी तीच. कुणी ऐन हंगामात सुरतेला पळालं तरी नवरदेवाच्या घोडीपुढं बॅण्ड उणा पडायचा नाही. मास्तरांचा या सोयीवर देवासारखा विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर देवानं जितका हात दिला नसेल तितका या सोयीनं दिला.

एकुलती एक मुलगी मेघा. ती तेरा वर्षांची असताना मोठा बाजा वाजवणारा गडी असाच सुरतेला गेला, आणि बाज्याला पॉलिश करता करता पोरीनं तो मांडीवर घेतला. पहिल्या फुंकरीलाच असा भरदार सूर आला की आत भाकरी थापणाऱ्या तिच्या आई प्रमिलाबाई पिठाच्या हातानं दारात आल्या. वरातीत पोरीला उभी करायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. "लोके काय म्हनतीन?" एवढा एकच प्रश्न त्यांनी विचारला. मग मेघा ओट्यावर वाजवी, शाळेच्या सव्वीस जानेवारीला वाजवी, गणपतीत वाजवी. धुळ्याला जाऊन बी.ए. झाली, एका झेरॉक्सच्या दुकानात बसू लागली, पण संध्याकाळी बाजा सुटला नाही. दोन स्थळं 'पोरगी बाजा फुंकस' एवढं कळल्यावर आल्या पावली परत गेली. प्रमिलाबाई रडल्या. मास्तरांनी 'हूं' केलं.

पुढं डीजे आला. त्याचं पुराण लावण्यात अर्थ नाही. बॅण्डातल्या अकरा जणांचे सात झाले, सातांचे चार, आणि एका दिवाळीला मास्तरांनी उरलेले बाजे फडक्यात बांधून माळ्यावर टाकले. मोठा बाजा तेवढा खाली राहिला. आता घरात वाजवणारी एकटी मेघा आणि ऐकणारे एकटे मास्तर. तिला त्यांनी आपल्याजवळचं होतं नव्हतं तेवढं सगळं दिलं. सहाशे कागद होते, ते सगळे तिच्या ओठाखालून गेले.

म्हणून वर्दीच्या बॅण्डाची भरती निघाली तेव्हा घरात पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्यानं हसलं. कुठलं दल, कुठलं खातं, ते सांगण्याची गरज नाही. सरकारी नोकरी, अंगावर वर्दी आणि हातात बाजा, एवढं पुरे. मेघाच्या वयाला ही शेवटची भरती होती, पुढच्या वेळी अर्जच घेतला जाणार नव्हता. तिनं पहाटे उठून महामार्गाच्या कडेनं धावायचा सराव केला आणि धावण्यात निघाली. लेखी परीक्षेत निघाली. उरली फक्त वाजवण्याची परीक्षा. समोर अनोळखी कागद ठेवणार आणि तो पाहून वाजवायचा. मास्तर सगळ्या गावाला सांगत सुटले, की बाकीच्या उमेदवारांनी आता घरी बसायला हरकत नाही, कारण कागद वाचून वाजवणं हे त्यांच्या घरी पाणी भरतं.

परीक्षेच्या महिनाभर आधीची गोष्ट. मेघा ओट्यावर बसून मोबाईल पाहत होती. कुणी परदेशी माणूस मोठा बाजा वाजवत होता आणि खाली त्याचा कागद सरकत होता.

"आबा, हाई काय शे?" तिनं मोबाईल पुढं केला. कागदावर जिलबी नव्हती. तिच्या जागी विळ्यासारखी वाकडी खूण आणि तिच्यापुढं दोन ठिपके.

"तो विळा," मास्तर म्हणाले. "पियानोवालास्ना शे. डावा हातना कागद. पितळले लागस नही."

"पन हाऊ तं आपलाच बाजा वाजाडी ऱ्हायना."

"हौस ऱ्हास एकेकाले."

"नही आबा, मी जरा शिकी लेऊ का? परीक्षामा हाऊ वना तं?"

मास्तरांना हे लागलं. पोरीनं सहज विचारलं होतं, पण त्यांना वाटलं, की मोबाईलमधल्या एका गोऱ्यासाठी ती आपलं सगळं शिकवणं मोडीत काढते आहे. "पस्तीस वरीस मी काय गवऱ्या थाप्यात का?" ते म्हणाले. "कोनता पितळना बाजाले विळा लागना ते सांग माले. एक तरी सांग."

मेघानं पाहिलेले सहाशे कागद जिलबीचेच होते. तिनं मोबाईल खाली ठेवला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

मास्तर खोटं बोलले नव्हते. बाविसाव्या वर्षी त्यांनी स्वतः भिकन मास्तरांना हेच विचारलं होतं आणि म्हाताऱ्यानं कवळी सावरत हेच उत्तर दिलं होतं. गिरणीच्या बॅण्डात सगळे बाजे जिलबीवर चालत, म्हाताऱ्यानं दुसरं जग पाहिलंच नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पण पोहऱ्याला आपण रिकामे आहोत हे कळावं लागतं, आणि मास्तरांना ते अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत कुणी कळू दिलं नव्हतं.

परीक्षा जळगावला होती. बापलेक सकाळच्या एस.टी.नं धुळ्याला आणि तिथून पारोळा, एरंडोल करत निघाले. बाजा गोधडीत गुंडाळून मेघानं मांडीवर घेतला होता. सोनगीरच्या गाडीतच कंडक्टरनं त्याच्याकडं पाहिलं, तिकिटावरचं सोनगीर पाहिलं आणि विचारलं, "हंडा का? लग्नात द्यायचा?" सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव, तिथला माणूस भांड्याशिवाय दुसरं काय नेणार असं त्याला वाटलं असावं. मेघा खळखळून हसली. त्या दिवशी ती सारखी हसत होती. मास्तर खिडकीतून केळीनं भरलेले ट्रक मोजत होते आणि त्यांचाही चेहरा फुललेला होता.

फाटकाशी एका शिपायानं उमेदवार आत घेतले आणि बरोबरच्या लोकांना बाहेर थांबवलं. बाहेर उसाच्या रसाची गाडी होती, एक बाकडं होतं आणि कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडच्या खोलीची उघडी खिडकी दिसत होती. मास्तरांच्या अंदाजानं पंधरा पावलं. उन्हानं जीव नको केला होता, पण त्यांनी बाकडं सावलीतून ओढून खिडकीच्या समोर घेतलं. रसवाल्यानं कपाळाला हात लावला.

मोठ्या बाज्याचे सात उमेदवार होते. सगळ्यांना कागद एकच. पहिला वाजवायला लागला आणि मास्तरांनी डोळे मिटले. सरळ चालीचं संचलन होतं. खालच्या सा वरून निघायचं, रे ग म करत पायऱ्या चढून प वर थांबायचं, एक उडी घेऊन वर जायचं आणि डौलात खाली उतरायचं. पहिला दोनदा अडखळला. 'हूं,' मास्तर म्हणाले. दुसऱ्याचा श्वास तोकडा पडला. तिसऱ्याच्या सुराला जीव नव्हता. चौथा बरा होता, पण आपल्या पोरीच्या पासंगाला पुरणारा नव्हता. एव्हाना ती चाल मास्तरांना पाठ झाली होती आणि बोटं गुडघ्यावर ताल धरत होती.

पाचवी मेघा. सुरू करण्याआधी ती ओठ भिजवून एक हलका सूर काढून पाही. तो ऐकला आणि मास्तर बाकड्यावर ताठ बसले.

तिनं पहिला सूर लावला तो प होता.

मास्तरांना वाटलं, हिला दुसरा कागद दिला असणार. पण लांब-आखूडपणा तोच होता. थांबा त्याच जागी होता. चार पायऱ्या चढून थांबायचं तेही तिथंच. फक्त जिना दुसऱ्याच घराचा होता. बाकीच्यांचा ग जिथं उजळ लागत होता, तिथं हिचा ग कोमल पडत होता, आणि ते रुबाबदार संचलन तिच्या बाज्यातून एखाद्या मयताच्या मागं चालल्यासारखं निघत होतं. सूर इतका गोड, इतका भरलेला, की रसवाल्यानं चरक थांबवला. "काका, ही पोरगी कोण हो? काय वाजवते," तो म्हणाला.

दुसऱ्या ओळीला मास्तरांना सगळं समजलं. चौघं एक वाचतात आणि ही एकटी दुसरं वाचते, म्हणजे त्या कागदावर जिलबी नाही. त्या कागदावर विळा आहे. आणि विळ्याचा कागद आपली पोर जिलबीसारखा वाचते आहे, एकही ठिपका न चुकता, जशी शिकवली तशी.

मास्तर उठले, भिंतीशी गेले, दोन्ही हात भिंतीवर ठेवून त्यांनी तोंड उघडलं. फाटकावरच्या शिपायानं पाहिलं. "बाबा, आवाज करू नका. परीक्षा चालू आहे. बसा तिकडे," तो म्हणाला. काही दरडावून म्हणाला नाही, सांगायचं म्हणून सांगितलं. मास्तरांच्या तोंडातून आवाज निघाला नाही. आत मेघा तिसऱ्या ओळीवर गेली, चौथ्या ओळीवर गेली. शेवटचा सूर तिनं पुरता लांबवून मग सोडला. मास्तर बाकड्यावर येऊन बसले. आयुष्यात हजार वेळा त्यांनी चुकीचे सूर ऐकले होते आणि प्रत्येक वेळी चुकणाऱ्याला धारेवर धरलं होतं. आज धरायला कुणी नव्हतं.

मेघा बाहेर आली ती अक्षरशः पळत.

"आबा, आयकं का?"

"आयकं."

"कसं वाजनं?"

"सूर गोड व्हता," मास्तर म्हणाले. हे खरं होतं, म्हणून ते बोलता आलं.

तिला किती सांगू आणि किती नको असं झालं होतं. आतल्या साहेबांनी विचारलं, कुठं शिकलात. ती म्हणाली, वडिलांकडं. साहेबांनी विचारलं, आणखी एकदा वाजवायचं असेल तर वाजवू शकता, वाजवता का. ती म्हणाली, नको सर, गरज नाही. "आनि आबा, तठे विळाच व्हता. माले हासू वनं. पियानोना कागद आमले दिधा. कोमलन्या दोन खुना तं एक रेघ खाले छापेल व्हत्यात. छापनाराले काय समजस? मी आपल्या नेहमीना जागाले धऱ्यात."

मास्तरांनी रसाचे दोन ग्लास सांगितले. तिनं तिचा एका दमात संपवला. त्यांच्या ग्लासावर माशी बसली तरी त्यांनी हात लावला नाही, म्हणून तो पण तिनंच प्याला. परतीच्या गाडीत ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. पारोळ्याला त्यांनी ठरवलं की धुळ्याला सांगू. धुळ्याला ठरवलं की घरी गेल्यावर सांगू. घरी प्रमिलाबाईंनी पुरणाचा घाट घातला होता.

सतराव्या दिवशी यादी आली. मेघानं झेरॉक्सच्या दुकानातच ती वर-खाली चार वेळा पाहिली. सातांपैकी दोघांची नावं होती, तिचं नव्हतं.

मग गाव धावून आलं. अशा वेळी गावाकडं एकच उत्तर तयार असतं. वर हात ओले केल्याशिवाय काही होत नाही, यादी आधीच ठरलेली असते, परीक्षा नुसता देखावा. ज्यांनी उभ्या जन्मात बाज्याला हात लावला नाही ते सांगू लागले, की मेघाएवढं वाजवणारं जिल्ह्यात कुणी नाही आणि म्हणूनच तिला घेतलं नाही. प्रमिलाबाई ज्यांची नावं त्यांना ठाऊक नव्हती अशा माणसांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चूल फुंकत. "गरीबले कोन पुसस," असं येणारा प्रत्येक जण म्हणे आणि मास्तरांकडं पाही. मास्तर मान खाली घालत. लोकांना वाटे, दुःखानं.

ते खोटं एका शब्दानंही बोलले नाहीत. गावानं खोट्याचा मांडव घातला होता, ते त्याच्या सावलीला जाऊन बसले एवढंच. पण त्या सावलीत बसणाऱ्याला ऊन परवडलं असतं. मेघा दुकानात जाईना. जेवायला हाक मारली तर 'भूक नही' म्हणे. एकदा भरल्या डोळ्यांनी तिनं बापाला विचारलं, "आबा, मनं काय चुकनं?" आणि मास्तर गाईला चारा टाकायला गेले. अशा माणसाला भेकड म्हणायचं तर म्हणावं. गोठ्यात जाऊन ते गाईच्या पाठीवर डोकं टेकून रडले, हेही मग त्याच्या शेजारी लिहावं.

तीन आठवडे असे गेले आणि एका सकाळी मेघा न्हाऊन, केस बांधून ओट्यावर आली. तिचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झालेला पाहून मास्तरांना आधी बरं वाटलं. तिच्या हातात दोन टाइप केलेले कागद होते.

"अर्ज करी ऱ्हायनू मी," ती म्हणाली. रागात आली की ती पोरासारखं बोले. "त्यासनी बठ्ठी परीक्षा क्यामेरामा भरेल शे. ते परत आयका म्हनावं, बाहेरना दोन जानकार बसाडा म्हनावं. मना एकबी सूर चुकेल नही. आनि हाऊ दुसरा कागद तुमना."

दुसरा कागद छोटा होता. मास्तरांनी चष्मा लावला. 'मी गेली पस्तीस वर्षे बॅण्ड मास्तर म्हणून काम करीत असून मला स्वरलिपीचे पूर्ण ज्ञान आहे. परीक्षेच्या वेळी मी खिडकीबाहेर हजर होतो. उमेदवाराने वाजविलेले मी संपूर्ण ऐकले आहे. तिने समोरील कागदाप्रमाणे अचूक वाजविले, याची मी साक्ष देतो.' खाली त्यांचं नाव आणि सहीसाठी मोकळी जागा.

"सही करा आबा," तिनं पेन दिलं.

मास्तरांनी पेन घेतलं. टोपण काढलं. 'पूर्ण ज्ञान' या दोन शब्दांवर त्यांची नजर पुन्हा पुन्हा जात होती. सही केली तर अर्ज जाईल, आणि मग ती खोली, ते साहेब, बाहेरचे दोन जाणकार. तिचं वाजवणं लावतील, कागद पुढं ठेवतील आणि पोरीला विचारतील, बाई, ही खूण कुठली. हात दाखवून अवलक्षण. तिला जे चार लोकांत कळायचं ते आता इथं, आपल्या ओट्यावर, आपल्याच तोंडून कळलेलं बरं. एवढाच काय तो त्यांच्या हातात उरलेला उपकार होता.

"अर्ज धाडू नको मेघा."

"काबर? भ्याव वाटस का तुमले?"

"तुन्हं वाजाडेल कागदप्रमाने नव्हतं."

ती हसली, थट्टा असावी म्हणून. मग त्यांच्या तोंडाकडं पाहून थांबली. "मी एक ठिपका सोडेल नही आबा."

"तू चुकनी नही. मी चुकाडं तुले." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. पहिले चौघं कसे सा वरून निघाले. तिच्या मागून आलेले दोघंही तसेच निघाले. तिचा प कसा लागला, ग कसा कोमल पडला. विळा पियानोचा नाही. निदान नुसता पियानोचा नाही. कोमलच्या खुणा छापणाऱ्यानं खाली आणल्या नव्हत्या, त्या त्यांच्या जागेवरच होत्या. सांगताना ते तिच्याकडं पाहत नव्हते, टोपणाशी चाळा करत होते. आतून भांड्यांचा आवाज येत होता तो बंद झाला आणि प्रमिलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

मेघानं दोन्ही कागद ओट्यावर एकावर एक ठेवले.

"म्हंजे कोनी पैसा खाधा नही," ती शेवटी म्हणाली.

"नही."

"आनि तुमले हाई कधळ समजनं?"

"तठेच. दुसरी ओळले."

"तठेच," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "पंधरा पावलंवर व्हतात तुम्ही. त्या साहेबनी माले इचारं, आखो एकदाव वाजाडतीस का. मी नही म्हनी वनू. एक हाक मारतात आबा. एक. मी थांबी जाती. शिपाई काय गोळी घालता का तुमले?"

इतके दिवस मास्तर स्वतःला तेच सांगत आले होते, की शिपाई होता, परीक्षा होती, म्हणून हाक निघाली नाही. तेच आताही सांगता आलं असतं आणि तिनं कदाचित ते सोसलंही असतं. पण ते त्यांना जमलं नाही.

"हाक मारीसन काय सांगतू?" ते म्हणाले. "चुकी ऱ्हायनी एवढंच माले समजी ऱ्हायंतं. बरोबर कसं वाचतस ते माले कोठे येस?"

मेघानं त्यांच्याकडं पाहिलं. लहानपणी नवा कागद समोर आला आणि पहिला ठिपका सापडला नाही, की ती अशीच पाहायची.

"आतेबी नही येत?"

"नही," मास्तर म्हणाले आणि पेनला टोपण लावून ते त्यांनी तिच्या कागदांवर ठेवलं.